खडपावरची कालवं आणि कागदावरचं नाव

आपल्या सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरी आठवडी बाजारात सुकट असते, जवळा असतो, बोंबील असतात. वाळवलेलं म्हणून ते घाट चढून आपल्यापर्यंत येतं. पण समुद्राचं एक अन्न आपल्या बाजारात दिसत नाही. ते म्हणजे कालवं. कालवं बहुतेक किनाऱ्यालगतच विकली जातात आणि तिथंच शिजतात. ती काढणाऱ्या बायांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गोष्ट कोकणातली आहे, पण शेवटी ती आपल्या बांधावर येते.

आधी तो खडक बघू. सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्या काळ्या दगडाचा आहे, तोच दगड कोकणात समुद्रात उतरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला, थरावर थर साचले, आणि त्याचा हा काळा पाषाण झाला. हरिहरेश्वर, कोर्लई, मुंबईतली वरळी, इथं जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. दक्षिणेला रत्नागिरीकडे तांबडा जांभाही लागतो. अशा खडकाळ किनाऱ्याला कोकणात खडप म्हणतात.

या टोकांवर किल्ले बांधले गेले, म्हणून ती इतिहासाच्या पुस्तकात आली. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला, त्यांचं आरमार जळालं. हे आपल्याला वाचायला मिळतं. पण तटाखाली खडपावर कोण काय वेचत होतं, त्याबद्दल बखरीत ओळ सापडणं कठीण.

खडपावर मासेमारी दोन तऱ्हेची चालते. एक गरीची. गरी म्हणजे गळ. खडकाच्या टोकावर उभं राहून दोरी लांब फेकायची आणि वाट बघायची. तांबोशी, पालू असे मासे खडकाच्या आसऱ्याला येतात, ते लागतात. कुणी पाग टाकतं, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. हे काम जास्त करून पुरुषांचं. दुसरी तऱ्हा हाताची, आणि ती मुख्यतः बायांची. ओहोटीला खडक उघडा पडला की टोकदार लोखंडी हत्यारानं कालवाचं वरचं कवच फोडायचं आणि आतला मऊ गर काढून भांड्यात टाकायचा. खालची शिंपली खडकालाच चिकटून राहते. तिच्यावर पुढं कालवाची नवी पिल्लं बसतात. वाळूत आणि चिखलात तिसऱ्या, खुबे सापडतात, ते उकरून वेचायचे. शिंपल्याही वाया जात नसत. त्या भाजून चुना करायची जुनी रीत किनाऱ्यावर होती.

या कामाला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागं जातं, एरवी न दिसणारा खडक उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी थोडंच हलतं. भरतीचा ठोकळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आपण एकादशी-चतुर्थी उपासासाठी मोजतो, तिथल्या बाया पोटासाठी मोजतात. हिशेब चुकला तर जिवाशी गाठ. खडक शेवाळलेला असतो, धार पायात घुसते, आणि पाणी वळलं की मागची वाट आधी बुडते. म्हणून समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही, हा तिथला पहिला धडा.

एवढं ज्ञान, एवढे कष्ट. मग याची नोंद कुठं आहे?

१९८१ साली महाराष्ट्रानं सागरी मासेमारी नियमन कायदा केला. तो गरजेचा होता, कारण यांत्रिक होड्या लहान मच्छीमारांच्या पोटावर पाय देत होत्या. पण तो कायदा होडी धरून चालतो. होडीला नंबर, होडीला परवाना. पायी जाऊन हातानं वेचणारीजवळ होडीच नाही, मग नंबर कशाला मिळणार? जमिनीचं म्हणाल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा तळ सरकारचा. खडपाचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. आजी, आई, मुलगी एकाच खडकावर गेल्या, तरी कागद कोरा.

कागद कोरा असला की काय होतं, ते मुंबईत दिसलं. २०१८ साली वरळीच्या बाजूला सागरी किनारा रस्त्याचं काम सुरू झालं. त्यासाठी शंभरहून जास्त हेक्टर समुद्र भरावाखाली गेला. त्यात कोळणी जिथं कालवं काढत तो खडपही होता. कोळी लोक कोर्टात गेले. १६ जुलै २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं रस्त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झालं. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. अशा प्रत्येक कामात पहिला प्रश्न येतो, इथं मासे कोण धरत होतं? होडीवाला नंबर दाखवतो. हातानं वेचणारीनं काय दाखवायचं?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपलाही आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, भीमेचा काठ पाण्याखाली गेला. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. तो जमीन, घर, झाड मोजायचा. काठावरची भाजी, सरपण, मूठभर मासे त्याच्या मोजणीत बसत नव्हते. २०१३ च्या नव्या कायद्यानं हे बदललं. ज्यांचं पोट मुख्यतः जंगलावर किंवा पाण्यावर आहे, ते वेचणारे आणि मासे धरणारेही बाधित कुटुंब धरले जातात. मात्र आधीची तीन वर्षं तोच मुख्य आधार होता, हे दिसावं लागतं. म्हणजे पुन्हा नोंद आली.

नोंद करायची एक जागा आपल्या गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. २००४ च्या नियमांनी समितीत किमान एक तृतीयांश बाया सांगितल्या. त्या वहीत गावातली झाडं, जनावरं, मासे लिहायचे, आणि त्यांचं ज्ञान कुणाकडे आहे तेही. नुसत्या वहीनं हक्क मिळत नाही, पण दाखवायला काहीतरी असतं.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करू. ग्रामपंचायतीत ही वही आहे का, ते विचारू. असेल तर ती वाचून घेऊ. बांधावरची पाथरी, घोळ, तांदुळजा कोण खुडतं, ओढ्याचे मासे कोण धरतं, कोणत्या महिन्यात, किती, हे त्यात आहे का बघू. नसेल तर लिहून देऊ. आणि लिहिताना "गावातील महिला" असं मोघम नको. प्रत्येकीचं नाव लिहू.