सागरेश्वरची हरणं चालत चांदोलीला का जाऊ शकत नाहीत?

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यातले चितळ वनविभागाने पकडले आणि चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडले. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ही दोन्ही जंगलं एकमेकांपासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहेत. मग हरणांना गाडीत घालून न्यायची वेळ का आली?

कारण मधे वाटच उरलेली नाही. सागरेश्वरच्या डोंगरावरून पश्चिमेला निघालं की आधी कुंपण लागतं. मग उसाचे फड, कृष्णा नदी, गावं, पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि पुन्हा ऊस.

हे जंगल माणसांनी उभं केलंय

सागरेश्वर अभयारण्य कडेगाव, वाळवा आणि पलूस या तीन तालुक्यांच्या हद्दीवर आहे. पायथ्याचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, म्हणून अभयारण्यालाही त्यांचंच नाव आहे. एकेकाळी हे डोंगर बोडके होते. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांनी आणि वनविभागाने साथ दिली, आणि माळावर जंगल उभं राहिलं. त्यात सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले गेले. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

उजाड डोंगरावर जंगल परत आणता येतं, हे कडेगावच्या या भागाने दाखवून दिलं. पण या जंगलाचा आकार आहे फक्त १०.८७ चौरस किलोमीटर. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प बफरसह सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे सागरेश्वरसारखी शंभर जंगलं त्यात मावतील.

लहान आणि एकटं जंगल असलं की काय होतं?

अशा जंगलाला अभ्यासक 'बेट' म्हणतात. बेटावर तीन अडचणी येतात.

पहिली, चाऱ्याची. शिकारी प्राणी कमी असले की हरणं वाढतात, पण गवत तेवढंच राहतं. उन्हाळ्यात चारा-पाणी कमी पडलं की कुंपणाच्या फटीतून कळप शेतात उतरतात. रात्रभर राखण करूनही सकाळी पीक खाल्लेलं दिसतं, तेव्हा शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा असतो.

दुसरी, रक्ताच्या नात्याची. बाहेरून नवा नर येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच प्रजनन झालं तर कळप कमजोर होत जातो.

तिसरी, संकटाची. साथीचा रोग किंवा वणवा आला तर पळून जायला दुसरी जागा नसते.

भ्रमणमार्ग म्हणजे नेमकं काय?

दोन जंगलांमधली, प्राण्यांना ये-जा करता येईल अशी जागा म्हणजे भ्रमणमार्ग, म्हणजेच कॉरिडॉर. ते सलग घनदाट जंगलच असावं लागतं असं नाही. ओढ्याकाठची झाडी, गायरान, देवराई, डोंगरकडा, गवताळ माळ, काहीही चालतं. प्राण्याला लपायला, पाणी प्यायला आणि पुढे सरकायला मिळालं की झालं.

याचं उदाहरण शेजारच्या सह्याद्रीतच आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या दक्षिणेला राधानगरी आणि पुढे गोवा-कर्नाटकची जंगलं आहेत. मधले दुवे तुटू नयेत म्हणून विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, तिलारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली.

उपयोग झाला का? २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला एक नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात दिसला. तो स्वतःच्या पायांनी आला होता. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. वाघ टिकायचे तर त्यांना खाद्य हवं. सागरेश्वरचे चितळ तिकडे नेण्यामागे हेच कारण आहे.

मग कडेगावात काय करता येईल?

सागरेश्वर ते चांदोली सलग जंगल उभं राहणं आज तरी अवघड आहे. ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी आल्यावर कोरडवाहू भागात ऊस उभा राहिला. लोकांचं पोट त्या जमिनीवर आहे आणि ती कुणी सोडणार नाही. पण आसपासचे छोटे तुकडे जोडता येतात.

पहिला तुकडा गवताळ माळांचा. कडेगावच्या पूर्वेला आणि उत्तरेला खानापूर, आटपाडी, माण, खटावकडे असे माळ आहेत. लांडगा, खोकड, काळवीट यांचं खरं घर तेच. त्यांना 'पडीक' समजून सगळीकडे झाडं लावली तर हे घरच मोडतं. सागरेश्वरमध्ये झाडं लावणं उपयोगी ठरलं, म्हणून प्रत्येक माळावर तोच उपाय लागू पडत नाही.

दुसरा, येरळा नदी. खटावातून येणारी ही नदी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिच्या आणि ओढ्यांच्या काठची झाडी राखली, वाळूउपसा थांबवला तर आयता मार्ग तयार होतो. वरच्या अंगाला मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव एकत्र धरून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र केलंय, तेही याच विचारातून.

तिसरा, मधले सापळे काढणं. उघड्या विहिरींना कठडा बांधणं, कुंपणात वीज न सोडणं, रस्ता रुंद करताना खालून प्राण्यांसाठी मोऱ्या ठेवणं. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली असे भुयारी मार्ग केले आहेत आणि वाघसुद्धा ते वापरतात.

आणि शेतकऱ्याचं नुकसान?

हरीण, रानडुक्कर, गवा यांनी पीक खाल्लं तर राज्य सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करावा लागतो. पंचनामा वेळेवर झाला आणि पैसे हातात पडले, तरच बांधावरचा माणूस हरणाला वाट देईल. नाहीतर नकाशावर मार्ग आखला तरी शिवारात तो बंदच राहील.

गाडीतून नेलेली हरणं एकदाच जातात. वाट मोकळी असेल तर ती दरवर्षी आपापली जातात, आणि परतही येतात.