घर्षण मोजलं, झीज राहून गेली

पीएच.डी.ला प्रवेश घेण्याआधी 'प्रश्न नीट मांडा' हे तुम्ही शंभर जणांकडून ऐकाल. हुशार माणसाकडूनही ती मांडणी कशी निसटते, ते बघायचं असेल तर खुब्याच्या सांधेरोपणाचा इतिहास बघा.

खुबा म्हणजे शाळेत शिकलेला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कंबरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. मधली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं आणि चार पावलं टाकणंही जिवावर येतं. १९४६ पासून पॅरिसमधले ज्युडे बंधू अशा रुग्णांना ॲक्रिलिकचा माथा बसवू लागले. तसा माथा बसवलेला एक रुग्ण इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या सर्जनला भेटला. त्याचा खुबा इतका करकरायचा की बायको वैतागली होती! आवाज येतो म्हणजे घर्षण जास्त, असं चार्नलीने ताडलं. मग निसरड्यातला निसरडा पदार्थ कोणता? टेफ्लॉन. हो, आपल्या तव्यावरचंच.

लँकेशायरमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्याने जवळपास ३०० रुग्णांना टेफ्लॉनची खोबण बसवली. दुखणं थांबलं, लोक चालू लागले. १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेखही आला. पण दोन-तीन वर्षांतच दुखणं परतलं. एक्स-रेमध्ये धातूचा माथा टेफ्लॉनमध्ये रुतत गेलेला दिसायचा, आणि झिजून निघालेल्या कणांभोवती शरीरात गाठी धरत होत्या.

आता मुद्द्याचं. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं नसतं. या दोन वेगळ्या राशी आहेत. मेण बोटाखाली सहज सरकतं, पण झिजतंही तितकंच. चार्नलीचं घर्षणाचं उत्तर बरोबर होतं. खोबण किती वर्षं टिकेल, हा प्रश्न मात्र वेगळा होता.

मे १९६२ मध्ये एक विक्रेता प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला: जास्त रेणुभाराचं पॉलिएथिलिन. चार्नलीने नख रुतवून बघितलं आणि नापसंत केलं. त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावूनच टाकला. (लॅबमधल्या टेक्निशियनशी नीट वागा, एवढंच म्हणते.) यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं तेवढंही हे झिजलं नाही. याचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त होतं, हे विसरू नका.

नोव्हेंबर १९६२ पासून हेच प्लास्टिक रुग्णांना बसू लागलं. चार्नलीने दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्याच मांडीतही घालून घेतले होते. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिएथिलिनच्या जागी काही नाही. १९६३ मध्ये त्याने हे 'लॅन्सेट'ला पत्र लिहून जाहीर केलं. १९६१ चा लेख आणि हे पत्र लायब्ररीतून काढून लागोपाठ वाचा.