रकाना रिकामा ठेवू नये

मराठी भाषेने भांगेला कधी सरळ वागवले नाही. चांगल्या घरात एखादा दिवटा निपजला की आपण म्हणतो, तुळशीत भांग उगवली. एरवी हाच शब्द आपण रोज सकाळी आरशासमोर उभे राहून डोक्यावर पाडतो. (माझ्या डोक्यावर तो पाडण्याजोगा ऐवज आता उरलेला नाही, हा भाग वेगळा.) छळाने पिचलेल्या माणसाला आपण गांजलेला म्हणतो, पण त्याने गांजा ओढलेला नसतो, आणि ज्याने ओढलेला असतो तो मुळीच गांजलेला दिसत नाही! जुन्या वैद्यांनी मात्र तिला मान दिला आणि तिचे नाव ठेवले विजया. आमच्या शाखेत दोन विजया आहेत. दोघीही पासबुकाच्या खिडकीवर बसतात आणि दोघींनाही पाहून आजवर कोणाच्या वेदना कमी झालेल्या नाहीत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध थकबाकीपुरता. पण गेली वीस वर्षे बँकेच्या खुर्चीत बसून माझ्या पाठीने एक स्वतंत्र खाते उघडले आहे. त्यात दर पावसाळ्यात उसण जमा होते. उसण भरलेल्या माणसाला औषधांचा तोटा नसतो. कोणी निर्गुडीचा पाला सांगतो, कोणी विटेचा शेक. आमच्या गावाकडे तर पायाळू माणसाने पाठीत लाथ घातली की उसण जाते असे मानतात. आमचे शाखाधिकारी पायाळू आहेत की नाहीत हे मला ठाऊक नाही. पण तसे असेल, तर त्यांच्या हाताखाली, म्हणजे पायाखाली, आतापर्यंत सगळी शाखा ठणठणीत व्हायला हवी होती.

पण माझी उसण हा विनोदाचा विषय आहे. आमच्या दाजींचे पाय हा नाही. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. तारखात्यात होते. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचे दुखणे मागे लागले आणि मुदतीआधीच घरी बसले. रात्री त्यांचे दोन्ही पाय वेळूसारखे ताठ होतात. पोटरीत असा गोळा येतो की ताई उठून पाय दाबत बसते, आणि दाजी दात खाऊन म्हणतात, "झोप गं तू, जाईल आपोआप." तो आपोआप जात नाही, हे दोघांनाही माहीत असते. डॉक्टरांनी दिलेल्या बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी थोडा उतार पडतो; जास्त घेतल्या तर दिवसा गुंगी येते.

या दाजींनीच मला एकदा विचारले, "आमचं तारखातं कोणी काढलं, माहीत आहे का? डॉक्टरनं! आणि तोही गांजावाला डॉक्टर!"

मला वाटले, गोळ्यांची गुंगी. पण चौकशी केली, तर माणूस खरा निघाला.

विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयर्लंडातल्या लिमरिकचा. एडिंबरोला डॉक्टर झाला. ऐन विशी-बाविशीत पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्याने सांगितले, की या लोकांच्या अंगातले पाणी आणि क्षार जातात, ते भरून द्या. आज दवाखान्यात सलाइनची बाटली टांगतात, तिच्या मुळाशी हा हिशोब आहे : गेले किती, भरायचे किती. पुढे १८३३ मध्ये तो कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायन शिकवू लागला. आपल्याकडचे वैद्य, हकीम आणि बैरागी भांग, गांजा, चरस वापरतात हे त्याने पाहिले. दुसरा साहेब असता तर नाक मुरडून क्लबात गेला असता. याने वही काढली.

आधी प्रयोग झाले जनावरांवर. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला त्याने नेपाळी चरस दिला. कुत्रा पेंगला, मध्येच दचकून उठला, शेपटी हलवून समाधान व्यक्त करू लागला, अधाशासारखा जेवला, आणि हाक मारली की झोकांड्या खात येऊ लागला. सहा तासांत स्वारी पुन्हा जशीच्या तशी. मांजरे, डुकरे, गिधाडे, कावळे, मासे, सगळ्यांना नशा चढली. घोडे, हरणे, शेळ्या, गाई या गवत खाणाऱ्या मंडळींवर मात्र फारसा परिणाम नाही. शाकाहाराच्या बाजूने इतका भक्कम पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनीही आपण होऊन औषध घेऊन पाहिले. त्यांतला एक मुळात लाजरा, गरीब स्वभावाचा मुलगा. तो एकदम राजा झाला आणि दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला! आमच्या बँकेत असा बदल व्हायला नुसती बढती पुरते.

मग आली माणसांची पाळी. संधिवाताच्या तीन रोग्यांना प्रत्येकी एक ग्रेन राळ दिली. एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम. पहिला दोन तासांत बडबडू लागला, गाऊ लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि आपण खडखडीत बरे आहोत असे जाहीर करून झोपी गेला. रात्री पाहतात तो काय, त्याचा हात वर करून सोडला तर वरच! जसा ठेवाल तसा. दुसऱ्याचीही थोड्याफार फरकाने तीच गत. तिसऱ्यावर मात्र ढिम्म परिणाम नाही. अधिक चौकशी करता कळले, की हा गृहस्थ चिलमीचा जुना खातेदार. एक ग्रेन त्याच्या खिजगणतीत नव्हता. पहिले दोघे तीन दिवसांत बरे होऊन घरी गेले, असे ओशॉनेसीने लिहून ठेवले आहे.

इथवर गंमत. पण त्याच्या वहीची पुढची पाने गमतीची नाहीत. धनुर्वात तेव्हा इस्पितळात रोजचा होता. जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, अंगातला प्रत्येक स्नायू आवळला जातो, आणि रोगी शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. लस नव्हती, इलाज नव्हता. अशा रोग्यांना त्याने भांगेचा अर्क दिला. आकडी सैल पडली. काही रोगी वाचलेही. पिसाळलेले कुत्रे चावलेला एक हकीम आला. त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरेना. अर्क दिल्यावर त्याला थोडेफार गिळता आले, झोप लागली. तो वाचला नाही. वाचणे शक्यच नव्हते. पण ओशॉनेसीने ते अपयश म्हणून खाली सारले नाही. रोग बरा करता आला नाही तरी त्याची भयानकता कमी करणे हेही वैद्याचेच काम, असा त्याचा हिशोब होता. हा सगळा वृत्तांत १८३९ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. पुढे विलायतेला जाताना तो हा माल बरोबर घेऊन गेला, लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधवाल्याने त्याचा अर्क बनवला, आणि आपल्या बैराग्यांची विजया साहेबाच्या औषधकोशात जाऊन बसली. व्हिक्टोरिया राणीच्या घरचे डॉक्टर रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये तीस वर्षांचा अनुभव सांगून तिची शिफारस केली. (खुद्द राणीसरकारांनी ती घेतली, असे लोक सांगतात; त्याला पुरावा नाही. राणीला आपल्या पंक्तीला बसवायची लोकांना फार हौस!)

ओशॉनेसी स्वतः मात्र तारेच्या नादी लागला. १८३९ मध्येच त्याने कलकत्त्याजवळ तारायंत्राचा प्रयोग केला होता आणि हुगळीच्या पाण्यातून वेष्टन गुंडाळलेली तार नेली होती. डलहौसी साहेबाने त्याला तारखात्याचा मुख्य केला आणि काही वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले गेले. सर ही पदवी मिळाली ती या कामाबद्दल. विजयेबद्दल काही मिळाले नाही.

मग हे औषध गेले कुठे? दुष्टाव्यापेक्षा तिचा अव्यवस्थितपणा तिला नडला. एका बाटलीत गुण दिसावा, तर दुसरीत नुसते हिरवे पाणी, तिसऱ्या बाटलीने रोगी राजा व्हावा! रेनॉल्ड्सनेही हीच तक्रार करून थेंबाथेंबाने सुरुवात करा असे बजावले होते. शिवाय हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, म्हणजे सुईने टोचता येत नाही. तिकडे मॉर्फीनची सुई हजर, १८९९ पासून ॲस्पिरिन बाजारात. प्रत्येक गोळी सारख्या वजनाची, सारख्या गुणाची. आम्हा हिशोबी माणसांना हे पटते. ज्याचा ताळा लागत नाही ते खाते कितीही प्रेमळ असले तरी बंद करावे लागते. ब्रिटिश औषधकोशातून १९३२ मध्ये तिचे नाव गेले.

पण एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे आम्हा कारकून जमातीशी बेइमानी होईल. गांजाने हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड पार्लमेंटात झाली आणि १८९३ मध्ये कमिशन बसले. अकराशेंवर साक्षी, सात खंडांचा अहवाल. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गांजाची शेतीसुद्धा त्यात आहे. या मंडळींनी इस्पितळांची रजिस्टरे उघडली. तिथे 'वेडाचे कारण' असा एक रकाना होता आणि त्यात ठिकठिकाणी लिहिले होते : गांजा. हे कोणी ठरवले? मागे मागे जात कमिशन जाऊन पोहोचले थेट पोलिसापर्यंत. रोग्याबरोबर एक छापील तक्ता भरून पाठवावा लागे. कारण तर माहीत नाही, आणि रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. मग लिही गांजा! वाचताना माझे डोळे पाणावले. 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्यात मी आयुष्यभर 'घरदुरुस्ती' लिहीत आलो आहे. कमिशनने मात्र एकेक नोंद पुन्हा तपासली आणि निष्कर्ष काढला, की बेताच्या सेवनाने बहुतेकांचे नुकसान होत नाही, अतिरेकाने होते. तेव्हा सरसकट बंदी नको, कर लावा आणि नियंत्रण ठेवा.

अहवाल कपाटात गेला. १९६१ च्या जागतिक कराराने गांजाला अतिधोकादायक द्रव्यांच्या यादीत बसवले. आपल्या सरकारने पानांपुरती सवलत राखली. म्हणून आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजा आणि चरस गुन्हा, पण नुसते पान, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर. एकाच झाडाचा शेंडा गुन्हेगार आणि पान नातेवाईक! वैद्याच्या देखरेखीखाली विजयेच्या पानांचे औषध आजही कायद्यात बसते.

शास्त्रज्ञ मात्र थांबले नव्हते. राफाएल मेशुलाम या इस्रायली रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांकडूनच पाच किलो चरस मागून घेतला, तो बसमधून प्रयोगशाळेत नेला, आणि १९६४ मध्ये त्यातले नशेचे मूळ द्रव्य वेगळे केले. पुढे कळले, की त्याला बसायला आपल्या मेंदूत आधीच जागा राखलेली आहे. कारण तशाच कामाचे द्रव्य शरीर स्वतः बनवते. १९९२ मध्ये ते सापडले आणि संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याचे नाव ठेवले आनंदमाइड. त्याचे काम कारकुनाला चटकन कळते. मागच्या टेबलावरून पुढच्या टेबलावर फाइली धडाधड येऊ लागल्या, की पुढचा मागच्याला निरोप पाठवतो, "जरा दमानं!" दाजींच्या दुखण्यात मज्जातंतूंवरचे वेष्टनच झिजते, मेंदूचा आवरा-आवरीचा हुकूम पायांपर्यंत धड पोहोचत नाही आणि स्नायू आखडून बसतात. हे ऐकल्यावर दाजी एवढेच म्हणाले, "म्हणजे लाइन फॉल्ट."

मग इंग्लंडात सहाशेहून अधिक अशा रोग्यांवर मोठी चाचणी झाली. निकाल आला २००३ मध्ये. डॉक्टरांनी पाय वाकवून ताठरपणाला गुण दिले, त्यात औषध आणि नुसत्या गोळीत फरक दिसला नाही. रोग्यांना विचारले, तर औषध घेणाऱ्यांतले जास्त जण म्हणाले, आखडणे कमी झाले, दुखणे कमी झाले. आता कोणाचा रकाना धरायचा? शंकेखोर म्हणाले, डोके गरगरल्यावर आपल्याला खरे औषध मिळाले हे रोग्याने ओळखलेच असणार! तेही खोटे नाही. पुढे आणखी चाचण्या झाल्या, आणि २०१० मध्ये ब्रिटनने याच रोगातल्या आखडण्यासाठी तोंडात मारायच्या मोजूनमापून केलेल्या फवाऱ्याला परवानगी दिली. तिथला नियमही बँकेत शोभेल असा : दुसरी औषधे चालली नाहीत तरच, आणि आधी चार आठवडे उमेदवारी. उपयोग दिसला तर पुढे, नाही तर बंद. आणि दिसला की नाही, हे विचारायचे रोग्याला.

माझ्या उसणीसारख्या जुनाट दुखण्यांना मात्र हा दाखला चालत नाही. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सांगून टाकले, की साध्या वेदनेसाठी याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही. तेव्हा मला निर्गुडीवर आणि साहेबांच्या पायाळूपणावरच भागवले पाहिजे. भांग घोटून पाठीची उसण घालवू पाहणाऱ्यांनी तो कलकत्त्याचा लाजरा राजा आठवावा.

२०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सत्तावीस विरुद्ध पंचवीस मतांनी गांजाला त्या अतिधोकादायक यादीतून काढले. भारताचे मत बाजूने पडले. तो फवारा दाजींच्या गावातल्या औषधाच्या दुकानात अजून मिळत नाही. त्यांची तारसेवाही २०१३ मध्ये बंद झाली, आणि ओशॉनेसीचे नाव आता दोन्ही खात्यांत कोणाला आठवत नाही.

मध्यंतरी दाजींना तपासणीच्या वेळी एक छापील कागद भरायला दिला. पायांचा ताठरपणा शून्य ते दहा यांत किती? त्यांनी लिहिले सहा. ताईने कागद हातातून घेतला, सहा खोडून नऊ केले आणि शेजारी सही ठोकली. खाडाखोड केली की सही लागते, हे तिला मीच शिकवले आहे.