मक्ता, मक्तेदारी आणि निविदा

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरांतील जुनी पेठ. उधारी, कसर, बट्टा हे व्यवहार तिच्या अंगवळणीं पडलेले. तरीहि सरकारी खरेदीची निविदा समोर आली, कीं तेथील पुष्कळ व्यापारी बिचकतात. अनामत, हमी, दोन लिफाफे, विलंबदंड असल्या शब्दांचें रान पाहून ते कागद बाजूस सारतात, आणि पुरवठ्याचें काम नेहमींच्या चारदोन हातांत जातें. हे शब्द केवळ छळण्याकरितां रचलेले आहेत, असा समज आढळतो. आमच्या मतें यांतील बहुतेक अटींमागें कोणाची तरी मोठी हानि झालेली आहे. आणि तशा एका हानीची हकीकत याच शहराशीं निगडित आहे.

प्रथम शब्दच पाहूं. मक्ता हा शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ तोडणें, म्हणजे रक्कम एकदां तोडून ठरविणें. बयाणा हाहि अरबींतील विक्रीवाचक शब्दापासून झाला, अनामत ही तिकडचीच अमानत, आणि लिलाव पोर्तुगीजांबरोबर आला. निविदा मात्र संस्कृत. तिचा अर्थ कळविणें. यांत मक्त्याचा वंश सर्वांहून बोलका आहे. मक्ता घेणारा तो मक्तेदार. पण मक्तेदारी म्हणजे दुसऱ्या कोणास वाव न ठेवणें! हा अर्थ कोणा कोशकारानें दिलेला नाहीं. लोकांनीं तो सोसून ठरविला आहे.

निजामाच्या राज्यांत असें सोसणें पुष्कळ झालें. औरंगाबादेस इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं निजामाची फौज असे, आणि तिचा पगार वेळेवर होत नसे. १८१८ च्या सुमारास तो भागविण्याचें काम हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीकडे गेलें. पेढीनें दरमहा सुमारें दोन लाख रुपये पोहोंचवावे व त्याबद्दल तिला मुलखाच्या वसुलावर वराता मिळाव्या, असा ठराव होता. आजच्या भाषेंत हा पुरवठ्याचाच ठेका. माल तेवढा रोकड. युरोपियनांनीं संस्थानिकांस कर्ज देण्यास कायद्याची आडकाठी असतां १८१६ सालीं गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज यांनीं या पेढीस खास परवानगी दिली होती. पेढीचे एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड यांची पत्नी हेस्टिंग्ज यांच्या घरीं वाढलेली. हा योगायोग म्हणावा, तर वाचकांनीं खुशाल म्हणावा. कारभार राजा चंदुलाल यांच्या हातीं, आणि रेसिडेंट हेन्री रसेल अनुकूल. १८२० सालीं साठ लाखांचें नवें कर्ज झालें. पुढें रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनीं हिशेब तपासले, तेव्हां त्या साठांतील आठ लाख पेढीच्या बक्षिसादाखल धरलेले त्यांना आढळले. अखेर १८२३ सालीं उत्तर सरकारांबद्दल निजामास दरसाल मिळणारी सुमारें सात लाखांची पेशकश कायमची सोडून एक कोटि सोळा लाखांहून अधिक रक्कम उभी करण्यांत आली, व ती या देण्यांत गेली. १८२४ सालीं पेढीचेंहि दिवाळें निघालें.

या प्रकरणांत पामरांचा लोभ थोडा नव्हता. परंतु विचार करण्याजोगें आहे तें त्यांत काय नव्हतें हें. कामाची जाहीर सूचना नव्हती. दुसऱ्या सावकारांस बरोबरीनें दर मागितले नाहींत. ठरलेला दर चौघांसमोर वाचला गेला नाहीं.

आतां निविदेच्या अटी पुन्हां वाचाव्या. दर देऊन ऐन वेळीं माघार घेणाऱ्यास आळा बसावा म्हणून बोलीची अनामत. काम पत्करून अर्ध्यावर टाकणाऱ्यासाठीं कामाची हमी. लिफाफे दोन, कारण पहिल्यांत लायकी व दुसऱ्यांत दर असतो. दर पाहून मग लायकी ठरविण्याचा मोह होऊं नये! बोली मोहोरबंद, आणि उघडावयाची ती बोली देणाऱ्यांच्या समक्ष. २०१६ सालीं केंद्र सरकारची खरेदीपेठ संगणकावर आली, तेव्हां मोहोर व लिफाफा अदृश्य झाले, अट राहिली. यानें संगनमत थांबतें असें मात्र कोणीं समजूं नये. चौघे आधींच दर वांटून घेऊन बसले, तर लिफाफा बिचारा काय करणार? त्याला एकच उपाय दिसतो. पांचव्यानें बोली द्यावी.

त्या पांचव्यासाठीं केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतील दोन गोष्टी सांगतों. बोलीची अनामत सामान्यतः मालाच्या अंदाजी किंमतीच्या दोन ते पांच टक्के असते. सूक्ष्म व लघु उद्योगांस तींतून सूट आहे. परंतु ही सवलत माल करणाऱ्यांची व सेवा देणाऱ्यांची, नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याची नव्हे, हें गुलमंडीच्या दुकानदारानें आधींच ध्यानांत घ्यावें. त्याला रक्कम भरावीच लागेल. मात्र काम दुसऱ्यास मिळालें, तर ठेका दिल्यापासून फार तर तिसाव्या दिवसापर्यंत ती त्याला परत मिळाली पाहिजे.