पाठीवरचा ताळेबंद

आपल्याकडे ओझ्याचा इतिहास खांद्यावरून चालतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी अकोल्याच्या राजराजेश्वराला कावडीनेच जाते. धाडच्या सुताराला मी डोंगरात मुक्कामाचे सामान वाहायला पाठीची लाकडी चौकट सांगितली, तर तोही म्हणाला, "साहेब, कावडच करून घ्या ना!"

पण पाठही काही कालची नव्हे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळची वाकवलेली हेझलची काठी आणि लार्चच्या दोन फळ्या म्हणजे त्याची पाठचौकटच, असे मानतात.

कावडीची दोन्ही पारडी सारखी लागतात. म्हणजे आमचा ताळेबंदच! चौकटीत ओझे पाठीशी आवळले की हात मोकळे. अजिंठ्याच्या डोंगरात पाय घसरला, तर झुडूप धरायला हातच हवेत. जमाखर्च काय, घरी पोचल्यावर जुळवता येतो.