लिस्टेरिया, दुग्धजन्य

दूध व दुग्धजन्य पदार्थांवाटे मनुष्यदेहात प्रविष्ट होणारा दंडाकार रोगजंतू (लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस). मरे, वेब व स्वान यांनी १९२६ मध्ये केंब्रिज येथे सशांच्या रोगावरून त्याचे प्रथम वर्णन केले. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाच्या स्मरणार्थ १९४० मध्ये त्यास सांप्रतचे वंशनाम मिळाले.

इतर बहुतेक रोगजंतू ज्या शीतकपाटात निपचित पडतात, तेथे ४° से. तापमानातही हा सावकाश वाढत राहतो, हाच त्याचा खरा धोका होय. गर्भवतीस केवळ किरकोळ ज्वर यावा आणि उदरातील गर्भ मात्र दगावावा, इतका या जंतूमुळे होणारा रोग कपटी आहे. शिवाय लक्षणे प्रकटण्यास कित्येकदा आठवडे लागत असल्याने मूळ अन्नाचा तपास दुर्घट होतो. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात मऊ चीजमुळे १४२ जण बाधित होऊन ४८ मृत्यू घडले, त्यांपैकी ३० गर्भ व नवजात अर्भके होती.

आपल्याकडे, उदाहरणार्थ गोंदिया जिल्ह्यात, दूध उकळून घेण्याचा घरोघरीचा रिवाज हाच मोठा बंदोबस्त आहे, कारण ७२° से. तापमानात १५ सेकंदांचे पाश्चरीकरणही या जंतूचा नाश करण्यास पुरेसे ठरते. परंतु तापविल्यानंतर अस्वच्छ फडके, परात वा हात लागलेले पनीर व खवा पुन्हा दूषित होऊ शकतात. जनावरांत नासलेल्या मुरघासामुळे हा रोग उद्भवतो. ती एकाच दिशेने गोल फिरतात किंवा गाभ टाकतात, आणि निरोगी दिसणाऱ्या गाईम्हशींच्या दुधातूनही जंतू बाहेर पडू शकतात.