निवड आणि नेमणूक

1923 अखेरच्या निवडणुकांत वऱ्हाडच्या मतदारांनी यवतमाळचे वकील माधव श्रीहरी अणे यांना दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळावर पाठविले, तेव्हा मते मोजली गेली, निकाल जाहीर झाला, हारतुऱ्यांचा सोपस्कारही झाला असेल. पण कायद्याच्या काटेकोर भाषेत बोलायचे तर ते निवडून आलेच नव्हते. वऱ्हाड ही ब्रिटिश हिंदुस्थानची भूमी नव्हती. 1853 च्या तहनाम्याने निजामाने हा मुलूख कंपनीच्या हवाली केला होता, 1902 मध्ये दरसाल 25 लाख रुपयांच्या बोलीवर तो इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्याने दिला होता, आणि पुढल्याच वर्षी तो मध्यप्रांतास जोडला गेला होता. तथापि मालकी म्हणून जी वस्तू असते ती हैदराबादेच्या दफ्तरात तशीच राहिली होती. तेव्हा परक्या राजाच्या रयतेने सरकारच्या कायदेमंडळावर माणूस निवडून कसा द्यावा, या पेचातून 1919 च्या सुधारणा-कायद्याने असा मार्ग काढला की, वऱ्हाडात मतदान घ्यावे, विजयी उमेदवाराचे नाव वर कळवावे, आणि मग सरकारने त्याच गृहस्थाची त्याच जागेवर ‘नेमणूक’ करावी. नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलात वऱ्हाडचे 17 सभासद याच रीतीने बसत. यवतमाळ जिल्ह्यात आजही कित्येक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अख्खा प्रांतच इजाऱ्याने, म्हणजे पट्ट्याने, दिला गेल्याचे नवल वाटणार नाही. पण त्या प्रांताच्या मतालाही इजारदाराची मोहोर लागावी, हा प्रकार मात्र विरळाच.

विरळा म्हणालो, पण अगदीच एकमेव नव्हे. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका होतात, आणि तेथे यश मिळविलेला गृहस्थ मग व्यासपीठावर उभा राहून विद्यमान अध्यक्षाला पायउतार का करावे याचे कैफियतनामे वाचू लागतो, हे आपल्याकडील वृत्तपत्र-वाचकासही आता परिचित झाले आहे. 1912 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्याच पक्षाचे विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांच्याविरुद्ध अशा बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या, खुद्द टॅफ्ट यांच्या ओहायो संस्थानातही जिंकल्या, आणि शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मात्र टॅफ्ट यांच्याच पदरात पडली. लोकांनी निवडलेला एक आणि आसनावर बसलेला दुसरा, हा तंटा सर्व लोकशाह्यांचा जुनाच आहे. वऱ्हाडाने तो जितक्या निरनिराळ्या अंगांनी अनुभवला, आणि वणीस 29 ऑगस्ट 1880 रोजी जन्मलेल्या या एका वकिलाने तो कधी वादी म्हणून तर कधी प्रतिवादी म्हणून जितक्या वेळा लढविला, तितका दुसऱ्या कोणा एका माणसाच्या वाट्यास क्वचितच आला असेल.

स्वातंत्र्यापूर्वी ‘राष्ट्रपती’ हा शब्द मराठी वृत्तपत्रे काँग्रेसच्या अध्यक्षासाठी वापरीत, आणि हा राष्ट्रपती निवडण्याची रीत मोठी मोघम होती. जेथे अधिवेशन भरायचे तेथील स्वागत मंडळाने नाव ठरवावे आणि भरसभेत प्रतिनिधींनी टाळ्यांच्या गजरात त्यास मान्यता द्यावी, असा प्रघात. 1907 चे अधिवेशन नागपुरास व्हायचे होते. पण अध्यक्ष टिळक असावेत की नेमस्तांच्या पसंतीचे कोणी, यावरून तेथील स्वागत मंडळात असा कज्जा माजला की अधिवेशनच उचलून सुरतेस नेण्यात आले. तेथे रासबिहारी घोष यांची निवड झालेली आहे असे नेमस्त म्हणत, आणि प्रतिनिधींनी अद्याप होकार दिला नसल्यामुळे ती झालेलीच नाही असे टिळक म्हणत. 27 डिसेंबरला टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठविली की, अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळताच मला बोलावयाचे आहे. चिठ्ठीला उत्तर आले नाही, तेव्हा ते स्वतःच व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. डॉ. घोष भाषण वाचावयास उठलेले, टिळक जागचे हलत नाहीत, खुर्च्या उचलल्या जात आहेत, अशात मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघा नेमस्त पुढाऱ्यांनाही प्रसाद देऊन गेला. जोड्याची कथा सर्वांना पाठ असते. चिठ्ठीची आठवण मात्र कोणी काढीत नाही. वास्तविक वादाचे मूळ त्या चिठ्ठीत होते: निवड पुरी केव्हा होते, आणि ती पुरी होण्यापूर्वी हरकत घेण्याचा हक्क कोणाचा? अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्या मंडपात टिळकांच्या बाजूस होते. पुढल्याच वर्षी अणे यांनी यवतमाळास वकिली थाटली.

ज्या प्रकरणात वऱ्हाडाने आपल्याच पक्षाच्या धुरीणांविरुद्ध उघड कैफियत मांडली, ते 1925-26 चे. 1923 च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात, कौन्सिलात शिरून आतून अडवणूक करावी म्हणणाऱ्या स्वराज्य पक्षाने असे निर्विवाद बहुमत मिळविले की, त्यांनी मंत्रिपदे नाकारली, अंदाजपत्रक फेटाळले, आणि मंत्र्यांचा पगार सालीना दोन रुपये असा मंजूर केला. दोन रुपयांचा मंत्री! विनोद उत्तम होता. पण विनोद संपल्यावर शिक्षण, आबकारी, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती गव्हर्नरसाहेबांच्याच मेजावर जाऊन पडली, आणि ज्या मतदारांनी माणसे निवडून दिली त्यांना शाळेच्या खोलीसाठीसुद्धा पूर्वीसारखाच साहेबाकडे अर्ज करावा लागू लागला. अशा स्थितीत ऑक्टोबर 1925 मध्ये पक्षाचेच अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे कौन्सिलचे अध्यक्ष होते, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली. पक्षाचे पुढारी पंडित मोतीलाल नेहरू संतापले आणि पक्षाचा सडलेला अवयव कापून टाकण्याची भाषा बोलू लागले. तेव्हा केळकर, जयकर, मुंजे आणि अणे यांनी अवयवाची बाजू घेतली. त्यांचा युक्तिवाद वकिली होता खरा, पण बिनतोड होता: विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद स्वीकारतात, स्वतः पंडितजी सरकारने नेमलेल्या लष्करी समितीत बसतात, मग तांब्यांनी केले तेवढेच काय ते पाप? आणि अडवणूक हे साधन असेल तर ते निष्फळ ठरल्यावर बदलावे की नाही? 14 फेब्रुवारी 1926 रोजी अकोल्यास प्रतियोगी सहकारिता पक्षाची स्थापना झाली. वसंतात साबरमतीस समेटाचा एक तह झाला आणि उन्हाळा सरण्यापूर्वीच मोडला. हेमंतातील निवडणुकीत मध्यप्रांतातील स्वराज्य पक्षाचे बळ खचले. 1927 मध्ये राघवेंद्रराव आणि रामराव देशमुख मंत्री झाले.

माझे मत विचाराल तर, या मंडळींचा युक्तिवाद त्यांच्या फलश्रुतीपेक्षा पुष्कळ मोठा होता. विद्यमानांना काढावे हे त्यांनी उत्तम सिद्ध केले. आपण बसल्यावर काय करू, हे तितके सिद्ध करता आले नाही. हा दोष अर्थात केवळ वऱ्हाडचा नव्हे.

अणे यांच्या बाबतीत निकाल झटकन लावण्याची सोय नाही, कारण सहकाराचा पुरस्कार करणारा हाच गृहस्थ चार वर्षांनी विळा हाती घेऊन जंगलात उभा राहिला. मिठाच्या सत्याग्रहाला लागणारा समुद्र वऱ्हाडास नाही. अकोल्याकडे दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून कायदेभंगाची हौस फेडण्यात आली. परंतु पुसद, दारव्हा, केळापूर, वणी या तालुक्यांतील शेतकऱ्याला रोज नडत होता तो जंगलचा कायदा, परवान्यावाचून गवताची पेंढीही उचलू न देणारा. 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळ धुंदीच्या राखीव जंगलात अणे यांनी गवत कापले. आषाढात गवताला उंची ती कितीशी असणार. बैलाच्या एका घासाचेही ते नसेल. पण सरकारी दफ्तरात तो गुन्हा पुऱ्या वजनाचा नोंदला गेला, आणि ज्या वकिलाने हयातभर कायद्याची कलमे उलगडली तो कैदेत गेला. त्यानंतर अकरा दिवसांनी यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांच्या तुकडीनेही तोच गुन्हा केला.

आणि मग 1933 साल आले, ज्या वर्षी हे यवतमाळचे वकील काँग्रेसचे हंगामी राष्ट्रपती होते. काँग्रेस बेकायदा ठरलेली, अधिवेशन भरविण्याची सोय नाही. पकडला जाणारा पुढच्याचे नाव सांगून तुरुंगात जाई, आणि गादी अशी हातोहात चाले. निवड नाहीच, केवळ नेमणूक! वऱ्हाडच्या कायद्याने जी रीत सक्तीने शिकविली तीच राष्ट्रसभेला आपत्काळी पत्करावी लागली. 8 मे रोजी गांधीजींनी 21 दिवसांचे उपोषण आरंभिले, त्याच सायंकाळी त्यांची सुटका झाली, आणि त्यांनी सुचविल्यावरून अणे यांनी सविनय कायदेभंग सहा आठवडे तहकूब केल्याचे जाहीर केले. तिकडे व्हिएन्नास औषधोपचार घेत असलेल्या विठ्ठलभाई पटेल आणि सुभाषचंद्र बोस यांनी पत्रक काढले: ही तहकुबी म्हणजे पराभवाची कबुली होय, राजकीय पुढारी या नात्याने गांधीजी अयशस्वी ठरले आहेत, आता काँग्रेसची नव्या तत्त्वांवर आणि नव्या नेत्याच्या हाताखाली फेररचना झाली पाहिजे. पत्रकाचा रोख गांधीजींवर होता, पण ज्या हुकुमावर ते उठले होते त्याखाली सही अणे यांची होती. 1926 मध्ये मोतीलालजींना जे वऱ्हाडने ऐकविले तेच, त्याहून कडक शब्दांत, आता वऱ्हाडच्या माणसास ऐकावे लागले. जुलैमध्ये पुण्यास त्यांच्याच अध्यक्षतेखाली कार्यकर्त्यांची परिषद झाली, आणि त्यानंतर त्यांनी सामुदायिक कायदेभंग थांबविला, काँग्रेसच्या संस्था, सर्वाधिकाऱ्यांच्या नेमणुका, गुप्त पत्रके हे सर्व बंद केले. ज्या पदावर आपण बसलो होतो ते पदच त्यांनी आवरून ठेविले.

1934 मध्ये जातीय निवाड्यावरून मदनमोहन मालवीयजींसह ते काँग्रेसपासून पुन्हा वेगळे झाले, काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला, आणि दिल्लीच्या सभागृहात परत गेले. नेमणुकीच्याच वाटेने अर्थात. वऱ्हाडचे सोंग चालूच होते.

1939 च्या जानेवारीत सुभाषबाबूंवर त्यांच्याच युक्तिवादाची पाळी आली. विद्यमान राष्ट्रपती पुन्हा उमेदवार, आणि त्यांस बदलावे म्हणणारे वरिष्ठ मंडळ पट्टाभी सीतारामय्यांच्या मागे. 1580 विरुद्ध 1377 मतांनी सुभाषबाबू जिंकले. मार्चमध्ये त्रिपुरीस, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच प्रांतात, 52 हत्तींनी ओढलेल्या रथातून राष्ट्रपतींची मिरवणूक निघाली. रथात फक्त तसबीर होती, राष्ट्रपती तापाने फणफणलेले होते. वरिष्ठ मंडळाशी जुळेना, आणि एप्रिल सरण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला.

अणे 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले; तांब्यांची बाजू ज्याने पंधरा वर्षांपूर्वी मांडली तो तांब्यांच्याच वाटेने गेला, असे त्यांचे विरोधक म्हणाले असतील, आणि ते खोटेही नव्हते. 10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी आगाखान वाड्यात उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडीना. आठवड्याभरात होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे या तिघांनी आपापल्या जागा मोकळ्या केल्या. यावेळी त्यांना काढावे असे कोणी म्हटले नव्हते.